अर्धं उत्तर घेऊन जा

«टीचर, नमस्कार. मी सत्तरीतल्या एका गावातून रोज पणजीला कॉलेजला येते. बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुख्य विषय मानसशास्त्र. चौथीपर्यंत मराठी शाळेत होते, पाचवीपासून इंग्रजी. वर्गात शिकवलेलं कळतं, पण असाइनमेंट लिहायला बसलं की एका वाक्यापुढे गाडी जात नाही. सोबत चार प्रश्न पाठवते: १) क्लासिकल कंडिशनिंग रोजच्या जगण्यातल्या उदाहरणासह समजावून सांगा. २) निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट आणि पनिशमेंट यांतला फरक. ३) लोफ्टस आणि पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगातली व्हेरिएबल्स ओळखा आणि प्रयोगाच्या मर्यादा सांगा. ४) एक केस स्टडी.

आमची एक सीनियर ३०० रुपयांत असाइनमेंट करून देते. मागच्या खेपेला मी मोबाइलवरच्या एआयकडून लिहून घेतली होती. सरांनी त्यातला एक संदर्भ कुठे वाचलास म्हणून सगळ्यांसमोर विचारलं आणि मला सांगता आलं नाही. तेव्हापासून सरांच्या केबिनकडे पाय वळत नाहीत. मदत मागणं चूक आहे का? तुम्ही उत्तरं लिहून पाठवाल का? केस स्टडी मामांवर लिहावी म्हणते, ते पितात. रात्री घरात जे चालतं त्यामुळे हल्ली मलाही झोप लागत नाही.
— एक विद्यार्थिनी, सत्तरी»

प्रिय बाय,

मदत मागणं अजिबात चूक नाही. उत्तरं मात्र मी लिहून पाठवणार नाही. तू माझ्या शेजारी बाकावर बसली असतीस तर जे केलं असतं ते इथे करते: चारही प्रश्न उघडून दाखवते, लिहायचं तू.

«वर्गात शिकवलेलं कळतं» हे तुझं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणजे विषयाचं अडलेलं नाही. कळलेलं सगळं मराठीत कळलंय आणि लिहायचं मात्र इंग्रजीत आहे, तिथे घोडं पेंड खातं. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंड्याकडची कितीतरी मुलं माझ्या वर्गात अशीच यायची. तोंडी विचारलं तर खडाखडा बोलायची, कागद पुढे केला की गप्प. त्यांना मी एकच सांगायचे: आधी मराठीत लिही. घरी आजीला सांगतेस तसं, पाच-सहा ओळींत, शुद्धलेखनाची फिकीर न करता. मग त्या ओळींना इंग्रजी कर. विचार आणि भाषा अशी दोन ओझी एकाच वेळी डोक्यावर घेऊ नकोस.

पारिभाषिक शब्दांची भीती बाळगू नकोस. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचा मानसशास्त्र परिभाषा कोश इंटरनेटवर फुकट बघता येतो, मराठी विश्वकोशातल्या मानसशास्त्राच्या नोंदीही. मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागाच्या मराठी पुस्तिकाही मिळतात. पुष्कळदा मराठी शब्दच गोष्ट सोपी करतो. सेन्सेशन आणि पर्सेप्शन यांत मुलं हमखास गोंधळतात. मराठीत ते वेदन आणि संवेदन. डोळ्यांवर उजेड पडला, हे वेदन. त्या उजेडातून कुळागरात पोफळीच्या आड कोणीतरी उभं आहे हे उमगलं, ते संवेदन. एकदा असं धरलंस की इंग्रजी शब्द आपोआप जागेवर बसतात.

आता पहिला प्रश्न. बाजारातली गाइडं पावलोवचा कुत्रा आणि घंटा सांगून थांबतात (घंटेमागून खाणं येत गेलं की पुढे नुसत्या घंटेनंही कुत्र्याला लाळ सुटते), पण तुला «रोजच्या जगण्यातलं उदाहरण» विचारलंय. तुझ्या गावात सकाळी पाव विकणारा पोदेर येतो ना? सायकलच्या मागे टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक आणि रबरी भोंग्याचा तो पोंय-पोंय आवाज. अंथरुणातून उठायच्या आधी तो कानावर पडला की तोंडाला पाणी सुटतं. पाव अजून दिसलेला नाही, वासही आलेला नाही. आता एकेक गोष्ट जागेवर लाव. गरम उंडा, म्हणजे आपला गोल पाव, तोंडात पडला की लाळ सुटते, ती कोणी शिकवावी लागत नाही. तो उंडा अनकंडिशन्ड स्टिम्युलस, म्हणजे न शिकवता काम करणारा उद्दीपक; ती लाळ अनकंडिशन्ड रिस्पॉन्स, म्हणजे न शिकवता येणारा प्रतिसाद. भोंग्याचा आवाज मुळात कशातच जमा नव्हता. लहान बाळाला भोंगा ऐकवलास तर ते फार तर दचकेल, त्याच्या तोंडाला पाणी सुटणार नाही. तोच आवाज वर्षानुवर्षं पावाच्या आधी येत गेला आणि कंडिशन्ड स्टिम्युलस झाला. नुसत्या आवाजानं सुटणारं पाणी हा कंडिशन्ड रिस्पॉन्स.

इथवर कोणीही लिहील. पुढचं तुझ्याकडे आहे आणि गाइडात नाही. मासे विकणाराही गाडीवरून भोंगा वाजवत येतो. लहानपणी तुला दोन्ही भोंगे सारखेच वाटत असतील, म्हणजे जनरलायझेशन. आज अंथरुणात पडल्या पडल्या कुठला पोदेराचा आणि कुठला मासेवाल्याचा ते ओळखतेस, हे डिस्क्रिमिनेशन. आता पोदेरानं महिनाभर नुसता भोंगा वाजवला आणि टोपली रिकामी असली तर? हळूहळू पाणी सुटायचं थांबेल, ते एक्स्टिंक्शन. मध्ये काही दिवस तो आलाच नाही आणि मग एका सकाळी अचानक भोंगा ऐकू आला, तर क्षणभर पुन्हा पाणी सुटेल. याचं इंग्रजी नाव पुस्तकात शोध. ते मी सांगत नाही.

एक धोक्याची जागा दाखवून ठेवते. भोंगा ऐकून तू पैसे घेऊन फाटकाकडे धावतेस, ते धावणं क्लासिकल कंडिशनिंग नाही. धावलं की पाव मिळतो आणि उशीर केला की पोदेर पुढच्या वाड्यावर जातो, म्हणून धावणं टिकतं. वागण्याच्या परिणामामुळे वागणं टिकलं, म्हणजे ऑपरंट. एकाच सकाळी दोन्ही गोष्टी घडतात. पुष्कळ मुलं लाळ आणि धावणं एकाच वाक्यात घालतात आणि तिथे मार्क जातात.

दुसरा प्रश्न छोटा आहे. इथे निगेटिव्ह म्हणजे वजाबाकी, वाईट नव्हे. सत्तरीतल्या जुलैचं तुला काय सांगायचं? बसमधून उतरलीस, अंगावर पाऊस येतोय, छत्री उघडलीस, अंगावरचा पाऊस गेला. नकोशी गोष्ट वजा झाली आणि छत्री उघडण्याची सवय पक्की झाली. हे निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट. पनिशमेंटमध्ये वागणं कमी होतं. उदाहरण ठरवताना एकच विचार: शेवटी ते वागणं वाढलं की घटलं? वाढलं तर रीइन्फोर्समेंट, घटलं तर पनिशमेंट. छत्रीचं उदाहरण माझं झालं, तू तुझं शोध.

तिसऱ्यावर जरा थांबते, हा प्रश्न मला फार आवडतो. एलिझाबेथ लोफ्टस आणि जॉन पामर यांनी ४५ विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या छोट्या फिल्म दाखवल्या आणि नंतर गाड्यांचा वेग विचारला. प्रश्न सगळ्यांना एकच होता, त्यातलं क्रियापद तेवढं बदललं होतं. «स्मॅश्ड» शब्द ऐकणाऱ्यांनी सरासरी ताशी ४० मैलांहून थोडा जास्त वेग सांगितला, «हिट» ऐकणाऱ्यांनी ३४, «कॉन्टॅक्टेड» ऐकणाऱ्यांनी ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच नव्हतीच. तरी «स्मॅश्ड» गटातल्या ५० पैकी १६ जणांना ती दिसली होती, «हिट» गटातल्या ५० पैकी ७ जणांना.

आता व्हेरिएबल्स, म्हणजे प्रयोगात बदलणाऱ्या गोष्टी. इंडिपेन्डन्ट काय? प्रयोग करणाऱ्यानं हातानं बदललेली गोष्ट, म्हणजे क्रियापद. डिपेन्डन्ट काय? वर्षानुवर्षं मी उत्तरपत्रिकांत वाचत आले, «गाडीचा वेग». चूक. गाडीचा वेग फिल्ममध्ये ठरलेलाच होता. मोजला गेला तो विद्यार्थ्यांनी सांगितलेला अंदाज. काहीजण «स्मृती» लिहितात, तेही अपुरं आहे. स्मृती कोणी फूटपट्टी लावून मोजलेली नाही, तिच्याऐवजी मैलांचा आकडा मोजला. कागदावर शेवटी कुठला आकडा उतरला, हा प्रश्न स्वतःला विचारलास की डिपेन्डन्ट व्हेरिएबल कधी चुकणार नाही. कुठल्याही प्रयोगाला हे लागू पडतं.

मर्यादांसाठी हा प्रयोग मराठीत कसा करशील त्याचा विचार कर. गाडी «लागली», «घासली», «आदळली», «ठोकली». सत्तरीतली बाई आणि पणजीतला रिक्षावाला या चार शब्दांतून सारखाच वेग ऐकतील का? फिल्म बघणारे सगळे विद्यार्थी होते, त्यातल्या किती जणांना गाडी चालवायची सवय असेल? फिल्म बघणं आणि आपल्या डोळ्यांसमोर वळणावर दुचाकी घसरताना बघणं, यात जीव घाबरण्याचा फरक नाही का? हे तीन मुद्दे इंग्रजीत उतरवलेस की मर्यादांचा भाग संपला, आणि सर विचारतील तेव्हा तुला पाठ केलेलं आठवावं लागणार नाही.

आता त्या ३०० रुपयांविषयी. त्या मुलीला मी दोष देत बसणार नाही, तिचीही काही अडचण असेल. माझ्याबाबतीत काय घडलं ते सांगते. आम्ही शिकत होतो तेव्हा गोव्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झालं. प्रॅक्टिकलला मिरर ड्रॉइंगचा प्रयोग असायचा. कागदावर दुहेरी रेषांची चांदणी छापलेली, हात पडद्याआड, आणि आरशात बघून त्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायची. पेन्सिल रेषेला लागली की एक चूक, आणि लागलेला वेळ सेकंदांत. गणेश चवथीला मी घरी गेले आणि प्रयोग हुकला. परत आल्यावर मैत्रिणीच्या जर्नलमधले आकडे थोडे इकडचे तिकडे करून माझ्या जर्नलमध्ये उतरवले. आलेख सुंदर आला. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जर्नल उघडलं आणि एवढंच विचारलं, «तुमच्या प्रयुक्ताचा हात कुठे अडकत होता?» प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग केला तो.

ज्यानं तो प्रयोग एकदा केलाय त्याला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. चांदणीच्या टोकांवर. सरळ रेषेवर हात कसाबसा चालतो, पण टोकाशी वळायचं आलं की डोळे एकीकडे सांगतात आणि हात दुसरीकडे ओढतो. पेन्सिल जागच्या जागी थरथरत राहते. मला माहीत नव्हतं. परीक्षक रागावले नाहीत. त्यांनी मला तिथेच आरशासमोर बसवलं आणि चांदणी काढायला लावली. पहिल्याच टोकाशी माझा हात थांबला. त्या टोकाशी घालवलेली दोन-तीन मिनिटं मला अजून हातात जाणवतात. माझ्या सुंदर आलेखात त्यांतलं काहीच नव्हतं. विकत आणलेल्या उत्तरात नेमकं हेच नसतं, बाय. तू कुठे अडकलीस ते त्यात नसतं, आणि सर पुढे विचारतात ते तिथलंच.

त्या सीनियरकडे जायचं तर जा, पण पैसे घेऊन नको. तिच्या जुन्या, तपासून आलेल्या असाइनमेंट बघायला माग. सरांनी लाल पेननं कुठे काय लिहिलंय ते वाच. «उदाहरण?» असं कुठे लिहिलंय, कुठे नुसतीच खूण आहे, कुठे «कोणी म्हटलं?» असं विचारलंय. आयएसएच्या, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत परीक्षेच्या, मार्कांचा अंदाज घ्यायला याच्याइतकी उपयोगी मदत दुसरी नाही, आणि ती फुकट मिळते.

एआयचं थोडक्यात. ते यंत्र पुष्कळदा संदर्भ शोधून देत नाही, संदर्भासारखी दिसणारी ओळ जुळवतं. कधी लेखकाचं नाव खरं असतं, नियतकालिकही खरं असतं आणि तो लेख मात्र कधी लिहिलाच गेलेला नसतो. तुझ्या बाबतीत झालं ते बहुधा हेच. शीर्षक गूगल स्कॉलरवर टाकून बघ. तिथे नसेल तर कॉलेजच्या ग्रंथपालांना विचार. त्यांनाही सापडला नाही तर ती ओळ सरळ काढून टाक. एआय वापरायला कॉलेजची परवानगी आहे का ते सरांना विचारून घे. असेल तर स्वतः लिहिलेलं उत्तर त्याला दे आणि सांग, उत्तर लिहू नकोस, या उत्तरावर मला तीन अवघड प्रश्न विचार. तसं केलंस तर विचार तुझाच राहील.

तुझ्या विषयातलाच एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. २००६ साली रोएडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी कागद बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तयार उत्तर वाचताना आपल्याला सगळं येतं असं वाटतं ते या पाच मिनिटांमुळे. तुझ्याकडे बसचा रोजचा वेळ आहे. वाळपई सुटली की वही बंद कर आणि कालचं उत्तर मनात मांड. साखळीपर्यंत जिथे अडशील ती जागा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव.

ते मागचं पान घेऊन सरांकडे जायचं. पाय वळत नाहीत हे मी समजू शकते. सगळ्यांसमोर विचारलेला प्रश्न मुलांच्या मनात फार दिवस राहतो. सरांनी तो केबिनमध्ये विचारला असता तर बरं झालं असतं असं मला वाटतं. तरीही जा, आणि पहिलं वाक्य घरी ठरवून जा: «सर, मागच्या असाइनमेंटमधला तो संदर्भ मी एआयकडून घेतला होता, तपासला नव्हता. ही मी स्वतः लिहितेय. अर्धं उत्तर आणलंय, इथे अडलेय.» आणि कागद पुढे कर. मी इतकी वर्षं शिकवलं. «कंडिशनिंग कळत नाही» म्हणत आलेल्या मुलाला कुठून सुरुवात करून सांगावं ते मला कळायचं नाही आणि दहा मिनिटांत आम्ही दोघंही दमायचो. एका मुलीनं विचारलं होतं, «टीचर, पाव न घेता नुसता भोंगा ऐकला तर त्या दिवशी एक्स्टिंक्शन सुरू झालं म्हणायचं का?» तिचं उत्तर मी दोन मिनिटांत दिलं आणि ती गेल्यावरही तो प्रश्न माझ्या डोक्यात घोळत राहिला. शिक्षकाला असा प्रश्न हवा असतो. तुझे सरही याला अपवाद नसावेत.

पणजीत असतेसच, तर पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात एक दुपार काढ. त्या ग्रंथालयाची सुरुवात १८३२ ची आहे. बसायला शांत जागा आहे, आणि घरी तुला ती मिळत नसावी असं पत्रावरून वाटतं. कॉलेजच्या ग्रंथपालांकडे एन-लिस्टचं लॉगिन माग. कॉलेजनं नोंदणी केली असेल तर परदेशी नियतकालिकांतले लेख त्यातून मोफत वाचता येतात. इग्नूच्या ई-ज्ञानकोशावर मानसशास्त्राचे धडे सोप्या इंग्रजीत आहेत. मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्याला वाक्यं कशी छोटी ठेवायची याचा नमुना म्हणूनही ते वाचण्यासारखे आहेत.

आता चौथा प्रश्न, आणि त्यासोबत तुझ्या पत्रातली शेवटची ओळ.

मामांवर केस स्टडी लिहू नकोस. केस स्टडीत नाव बदलतात, हे तुला माहीत आहे. पण भाचीनं लिहिलेल्या कागदात «माझे मामा» असलं की नाव बदलून काय उपयोग? वर्गात तुझ्या गावचं एखादं पोर असेल, सरांची ओळख असेल, कागद कुणाच्या ना कुणाच्या हाती पडेल. दुसरं, ज्याच्यावर लिहायचं त्याची समजून-उमजून दिलेली परवानगी लागते. प्यायलेल्या माणसाची परवानगी ही परवानगी नव्हे, आणि शुद्धीवर असताना मामांना हे विचारणं किती जड जाईल ते तूच जाणतेस. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रात्री ज्या माणसाच्या आवाजानं तुला झोप लागत नाही, त्याच्याविषयी दिवसा तटस्थपणे लिहिण्याचा भार तू घेऊ नयेस. ते काम तुझं नाही.

दुसरा विषय सरांकडून मागून घे. शेजारच्या पाच वर्षांच्या मुलाबरोबर, त्याच्या आईबाबांची परवानगी घेऊन, मुलांच्या विचारशक्तीचा अभ्यास करणाऱ्या पियाजेचा पाण्याचा प्रयोग करता येईल. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी, मग एका पेल्यातलं पाणी उंच अरुंद पेल्यात ओतायचं आणि विचारायचं, आता कशात जास्त? तो काय म्हणाला, बोट कुठे ठेवलं, किती वेळ विचार करत बसला, हे त्याच्याच शब्दांत टिपून घे.

किंवा गोव्यातलंच संशोधन घे. संगाथ ही संस्था विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात सुरू केली. त्यांच्या मानस नावाच्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. गोव्यातले २४ दवाखाने, १२ सरकारी आणि १२ खासगी. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांशी बोलायला वैद्यकीय शिक्षण नसलेल्या, पण त्या कामासाठी शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशक. सरकारी दवाखान्यांत या मदतीचा फायदा स्पष्ट दिसला, खासगीत दिसला नाही. असं का झालं असेल? तू सरकारी आरोग्य केंद्राच्या बाकावरही बसली असशील आणि खासगी डॉक्टरांकडेही गेली असशील. कुठे डॉक्टर तुला नावानं ओळखतात, कुठे रांगेत नंबर येतो, कुठे बोलायला वेळ मिळतो? तुझ्या मनात येतील ती कारणं आधी मराठीत लिही, मग मूळ लेखात संशोधकांनी काय म्हटलंय ते शोध. हे काम केस स्टडी म्हणून चालेल का ते सर सांगतील. पण विचारायला जाताना तुझ्या हातात दोन पानं असतील.

झोपेविषयी. मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलींना वाटतं की घरातलं आपल्यालाच समजायला हवं, आपल्यालाच सावरायला हवं. पुस्तकातली लक्षणं घरातल्या माणसांवर लावून बघायची सवय लागते, मग स्वतःवरही. तू दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहेस. मामांचे उपचार ही तुझी जबाबदारी नाही. तुझी झोप मात्र तुझी आहे, आणि ती उडाली असेल तर तिच्यासाठी मदत मागणं हे असाइनमेंटइतकंच, किंबहुना त्याहून आधीचं काम आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही करता येतो आणि मराठीत बोलता येतं. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. तिथे ओपीडीत तू स्वतःसाठी जाऊ शकतेस, आणि दारूच्या व्यसनावरही तिथे उपचार होतात, हे मामींना किंवा आईला सांगून ठेव. घरात कुणावर हात उगारला जात असेल तर ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ लावायला मागेपुढे बघू नकोस. कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांनाही भेट. सरांना सगळं सांगायची गरज नाही. «घरी सध्या अडचण आहे, सबमिशनला दोन दिवस जास्त द्याल का» इतकं म्हटलंस तरी चालेल.

पहिला प्रश्न आज रात्री मराठीत लिहून काढ, आणि पोदेराच्या त्या परत सुटलेल्या पाण्याचं इंग्रजी नाव सापडलं की मला कळव. सर काय म्हणाले तेही. आणि १४४१६ ला फोन केलास का, तेही लिही.

तुझी,
टीचर